विक्रमसिंहभाईंची अटक

माणसाचे अख्खे आयुष्य एका पानात बसवणे ही कला आहे, आणि ती मला येते! बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे पर्सोनेल ऑफिसर होतो. हजारभर माणसांची सेवापुस्तके माझ्या हातांखालून गेली. निवृत्तांच्या निरोपसमारंभात वाचायची मराठी मानपत्रे तर फक्त मीच लिहायचो. ज्या गृहस्थाने नोकरीत एकदाही वेळेवर हजेरी लावली नाही, त्याच्याविषयी मी 'घड्याळाच्या बंधनात न अडकता काम करणारे' असे लिहिले होते. त्याची बायको ढसाढसा रडली. मॅनेजरही रडले, पण त्यांचे कारण वेगळे असावे.

शिवाय माझे मराठी! आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या दप्तरात सबनीस होते आणि आम्ही आडनावानेही सबनीसच. आमच्या घरच्या मराठीला पुण्याच्या शिक्क्याची गरज नाही, असे मी चारचौघांत म्हणत असे. 'म्हणत असे' यातला भूतकाळ वाचकांनी ध्यानात घ्यावा.

तर एका बुधवारी सकाळी विक्रमसिंहभाई आमच्या समा भागातल्या घरी आले. हे आमच्या कारखान्यातले जुने ऑपरेटर. मी त्यांना विसाव्या वर्षी कामावर घेतले होते. पुढे ते कँटीन कमिटीत निवडून आले आणि तिथल्या डाळीतून डाळ शोधून काढणारा पहिला माणूस म्हणून गाजले. मग गावचे सरपंच, मग तालुका पंचायत, मग एकदा जिल्हा पंचायत. दुसऱ्या वेळी पडले. आता तिसऱ्यांदा उभे राहत होते.

"साहेब, एक काम छे," ते सोफ्याच्या कडेवर बसत म्हणाले. अजूनही माझ्यापुढे ते कडेवरच बसतात. "आपल्या कामगार वसाहतीत सातशे मराठी मतं आहेत. गेल्या वेळी मी किती मतांनी पडलो? तीनशे चाळीस! मराठीत माझा परिचय लिहून द्या. गुजरातीत छापला की मराठी माणसं त्याच्यावर भजी ठेवून खातात."

"आणि मराठीत छापल्यावर?"

"आधी वाचतात. मग भजी."

त्यांचा मुद्दा अनुभवसिद्ध होता. मी लगेच वही काढली.

"बाकी बधुं तमे जाणो," ते म्हणाले, "पण अटक चोख्खी लिहा, साहेब. ठळक. बाकी काही राहिलं तरी चालेल, अटक राहता कामा नये!"

इथे बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी थांबणे भाग आहे. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडे नाव, वडिलांचे नाव आणि अटक. आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलतानाही 'पाहुण्यांची अटक काय?' असेच विचारतात. त्या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, हे मला माहीत नव्हते असे नाही. रोज वर्तमानपत्रात वाचतो. पण डोक्याच्या ज्या कप्प्यात वर्तमानपत्र असते, त्या कप्प्यात पाहुणे नसतात.

विक्रमसिंहभाईंच्या अटकेला, म्हणजे आडनावाला, महत्त्व येण्याचे कारण होते धवल. हा प्रतिपक्षाचा तरुण उमेदवार. दोन मोबाइल, पांढरे बूट आणि सतत अदबीने झुकलेली मान. त्याने शेजारच्या गावातून दुसरा एक विक्रमसिंह शोधून अपक्ष उभा केला होता. त्या बिचाऱ्याला आपण निवडणूक लढवतो आहोत हे अर्ज भरून झाल्यावर कळले म्हणतात! त्याची अटक पढियार. आमच्या विक्रमसिंहभाईंची आता गोहिल, पण जन्माने पढियारच. वडील लवकर गेले, मामांनी दत्तक घेतले आणि १९८४ साली, दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी, सरकारी गॅझेटात छापून त्यांना आपली अटक दिली.

"मामा म्हणाले होते, भाणा, माझ्याकडे द्यायला जमीन नाही. अटक आहे, ती घे," विक्रमसिंहभाई म्हणाले आणि पंख्याकडे पाहू लागले. आमची सौ., नीरा, पोहे घेऊन आली होती, तीही क्षणभर ताटली हातात धरून उभी राहिली.

मी दोन दिवस लिहीत होतो. आणि खरे सांगतो, मनापासून लिहिले. कारण या माणसाने खरोखर काम केले होते. गावच्या बोअरला लालसर पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी ते एका काचेच्या बाटलीत भरले आणि चार वर्षे ती बाटली पिशवीत घालून कचेऱ्या हिंडले. साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचे, "चहा घ्या." चार वर्षांत नऊ गावांना नळाचे पाणी आले. यावर मी अर्धे पान लिहिले. वरच्या अर्ध्या पानात सेवापुस्तकाच्या शिस्तीने ओळी केल्या. नाव : विक्रमसिंह. जन्म : १९६७. आणि मग, दोनदा अधोरेखित : 'अटक : गोहिल (पूर्वी पढियार), १९८४, राजपत्रानुसार.' माथ्यावर 'आपले विक्रमसिंहभाई'. आडनाव वर पुन्हा लिहायची गरज काय? त्यासाठी तर खास ओळ होती!

हे हस्तलिखित मी शनिवारी सकाळी शर्वरीकडे दिले.

शर्वरी आमची सून. आमच्या तन्मयशी लग्न करून तिला बडोद्यात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. माहेर पुणे. तिथल्या एका प्रकाशकाकडे ती मुद्रिते तपासत असे, आणि आता तेच काम घरून करते. मुलगी गुणी आहे. फक्त चुकीचा अनुस्वार दिसला की तिला शिंक येते. मजकूर संगणकावर जुळवून ती तो दुपारी छापखान्यात पाठवणार होती. मी आतल्या खोलीत दाढी करत होतो, तेव्हा तिने दारातून विचारले,

"बाबा, यांच्या अटकेची तुम्हाला खात्री आहे ना?"

"शंभर टक्के! मी स्वतः कागद पाहिले आहेत."

"म्हणजे दोन वेळा?"

"दोन. एक आधीची, एक नंतरची."

"१९८४ म्हणजे ते सतरा वर्षांचेच होते की हो!"

"मग? लहान वयातच झालेलं बरं असतं. पुढे सगळे कागद बदलावे लागतात."

तिने हातातला कागद पुन्हा वाचला. मी हनुवटीपाशी आलो होतो, तिथे माझे लक्ष नेहमी वस्तऱ्याकडे असते.

"कशामुळे झाली पण?"

"मामांमुळे. मामांची होती, तीच यांना लागली."

"मामांनाही?!"

"मामांना, आजोबांना, सगळ्या घराला तीच!"

"बाबा, हे छापायचं का नक्की? लोक काय म्हणतील?"

आता मला राग आला. "अगं, बाकी सगळं गाळ, पण अटक ठळक छाप! तिच्यावरच मतं मिळणार आहेत!"

"राजकारण म्हणजे खरंच..." असे काहीसे पुटपुटत ती गेली. मला वाटले, पुण्याच्या लोकांना ठळक ठसा आवडत नसेल.

तिने अंतिम प्रत मला दाखवली होती का? दाखवली होती. मी पाहिली का? मी फोटो पाहिला! फोटो छान आला होता. मजकूर माझाच होता, तो मी कशाला वाचू?

इकडे विक्रमसिंहभाईंनी उमेदवारी अर्ज भरला. सोबत शपथपत्र : पोलीस, कोर्ट, गुन्हा, काहीही नाही. रविवारी सकाळी वसाहतीत पत्रके वाटली गेली आणि दहा वाजता तिथल्या समाजमंदिरात सभा ठेवली होती. मला लेखक म्हणून व्यासपीठावर बसवले. हे व्यासपीठ म्हणजे कॅरमची दोन टेबले एकत्र करून त्यांच्यावर घातलेली चादर होती, त्यामुळे टेकून बसायचे नव्हते. समोर दीडशे माणसे. बरीचशी नवी, जळगाव-नंदुरबारकडून वर्ष-दोन वर्षांपूर्वी आलेली.

अध्यक्ष भास्करराव बोलायला उठले. हे मूळचे भुसावळचे, वसाहतीतल्या मराठी मंडळाचे पंधरा वर्षे अध्यक्ष. स्वभाव गहिवराचा. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडतानाही त्यांचा गळा दाटून येतो.

"मित्रांनो," ते म्हणाले, "मी या माणसाला वीस वर्षं ओळखतो असं समजत होतो. चूक! साफ चूक! आज सकाळी हे पत्रक वाचलं आणि कळलं, मी याला ओळखतच नव्हतो! सतराव्या वर्षी... सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? मी बोरं चोरत होतो! आणि हा माणूस पढियारच्या कोठडीत होता!"

मला वाटले, मी काहीतरी चुकीचे ऐकले.

"पढियारला धरला, तरी हटला नाही! मग गोहिलला धरला! आणि वीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाही!"

मी समोरचे पत्रक उचलले. ठळक, सुबक, एकही अनुस्वार न चुकलेल्या अक्षरांत छापले होते : 'अटक : १९८४ साली गोहिल येथे, तत्पूर्वी पढियार येथे. सरकारी दप्तरात नोंद आहे.'

पोर, पादरा, सावली, डभोई! ज्या मुलीने चार महिन्यांत ही गावांची नावे ऐकली, तिला गोहिल आणि पढियार ही गावेच वाटणार! माझ्या तारेच्या भाषेतल्या ओळीचे तिने नेटके वाक्य केले होते. 'येथे' हा शब्द तिचा होता. एवढाच. पण तो शब्द म्हणजे विक्रमसिंहभाईंच्या हातातली बेडी होती!

टाळ्या थांबेनात. मी पत्रकाच्या कोपऱ्यावर 'अटकेबद्दल अजिबात बोलू नका' असे लिहून चिठ्ठी विक्रमसिंहभाईंकडे सरकवली. त्यांना भास्कररावांचे भाषण नीट ऐकू आले नव्हते, ते तेवढ्यात बाहेर कोणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांच्या पाया पडून येत होते. ते उभ्याउभ्याच चिठ्ठी वाचून माइकमध्ये म्हणाले,

"साहेब कहे छे, अटकेबद्दल बोलू नका. केम ना बोलुं? अटकेबद्दलच बोलणार!"

टाळ्यांनी छत हादरले.

"मला माझ्या अटकेचा अभिमान आहे! ही अटक मला माझ्या मामांनी दिली!"

"मामांनी?" पहिल्या रांगेतले एक गृहस्थ दचकले.

"मामांनी! पोटच्या मुलासारखं मानलं, म्हणून दिली! नाहीतर कोण देतं?"

"अरेरे!" मागून एक बाई म्हणाल्या.

"माझ्या दोन्ही मुलांना हीच अटक आहे. मुलीची लग्नानंतर बदलली, पण जावई पाहताना पहिली गोष्ट हीच पाहिली, की अटक चांगली पाहिजे! आमच्या गावात दीडशे घरं आहेत, दीडशे! सगळ्यांची अटक एकच!"

"अगं बाई! अख्खं गाव उचललं!" त्याच बाई.

मी त्यांच्या कोटाचे टोक ओढले. त्यांनी ते प्रेमाने सोडवून घेतले. एका तरुण कामगाराने हात वर केला.

"भाऊ, मग अटकेतून सुटका कधी झाली?"

विक्रमसिंहभाई मोठ्याने हसले. "अटकेतून सुटका? अरे वेड्या, अटक कधी सुटते? मेल्यावर पाटीवरसुद्धा तीच राहणार!"

भास्करराव रडत होते. आणि भिंतीपाशी पांढरे बूट घातलेला एक माणूस, अदबीने मान झुकवून, हे सगळे मोबाइलमध्ये घेत होता.

घरी आल्यावर मी शर्वरीसमोर पत्रक ठेवले. काय झाले ते सांगितले. ती आधी हसली, मग पांढरी पडली.

"म्हणजे अटक म्हणजे आडनाव? मग तुम्ही आडनाव का नाही लिहिलंत, बाबा?"

"आम्ही अटकच म्हणतो!"

"पण मराठीत?"

"हे मराठीच आहे!"

"अहो," नीरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिने तुम्हाला सहा प्रश्न विचारले. मी इथे कणीक मळत मोजले. सहा! तुम्ही एकाचं तरी सरळ उत्तर दिलंत का?"

"तू ऐकत होतीस, मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही आडनावाबद्दल बोलताय!"

मी पत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवले.

सोमवारी सकाळी अर्जांची छाननी होती. नऊ वाजताच विक्रमसिंहभाईंचा फोन आला. "साहेब, वांधो आव्यो छे." गुजरातीत वांधो म्हणजे हरकत आणि मराठीत वांधा म्हणजे काय ते आपण जाणताच. या एका शब्दाबाबत दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे. धवलने लेखी हरकत घेतली होती : उमेदवाराने दोन अटका शपथपत्रात लपवल्या. पुरावा म्हणून उमेदवाराचे स्वतःचे छापील पत्रक आणि स्वतःचे भाषण.

"साहेब, फॉर्म गेला तर?" त्यांचा आवाज खाली गेला. "तीन गावांची लाइन अजून बाकी आहे. लोकांना मी शब्द दिला आहे. आणि दुसरी वात... गावात सकाळपासून म्हातारी माणसं विचारतात, विक्रम, तुला कधी पकडलं होतं रे? मामी ऐंशीच्या आहेत. त्या जेवल्या नाहीत."

मी रिक्षा केली आणि सयाजीगंजच्या गर्दीतून कचेरीत पोहोचेपर्यंत मनात चार भाषणे तयार केली. चारही वाया गेली.

निवडणूक अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. सगळे त्यांना 'बेन' म्हणत होते. त्यांनी पत्रक हातात घेतले, चष्मा वर केला आणि देवनागरी सावकाश वाचली.

"अटक, गोहिल. बराबर छे. आमां वांधो शुं छे?"

"बेन, मराठीत अटक म्हणजे धरपकड," धवल अदबीने म्हणाला.

"उमेदवार गुजराती आहे, अर्ज गुजरातीत आहे."

"पण पत्रक मराठीत आहे, बेन. आणि हा व्हिडिओ."

व्हिडिओ लागला. 'अरे वेड्या, अटक कधी सुटते? मेल्यावर पाटीवरसुद्धा तीच राहणार!'

"साची वात छे," बेन मान डोलावत म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या पाटीवरही आहे."

मला क्षणभर वाटले, सुटलो! पण धवल तयारीचा होता. त्याने मराठी साक्षीदार आणला होता. दार उघडले आणि आत आले भास्करराव! त्यांना बिचाऱ्यांना वाटत होते की ते विक्रमसिंहभाईंच्या बाजूने साक्ष द्यायला आले आहेत.

"तुम्ही मराठी?" बेननी विचारले.

"जन्माने!"

"ह्या ओळीचा अर्थ काय?"

"अर्थ असा," भास्करराव गहिवरून म्हणाले, "की हा माणूस दोन वेळा तुरुंगात जाऊन आला आणि तरी हसत असतो!"

"भास्करराव!" मी ओरडलो. "अहो, ते आडनाव आहे!"

"काय आडनाव आहे?"

"गोहिल!"

"मग 'गोहिल येथे' म्हणजे काय? मी सबनीस येथे आलो, असं म्हणतं का कोणी?"

प्रश्न बिनतोड होता. बेननी मामांचे गॅझेट पाहिले, शाळेचा दाखला पाहिला. कोपऱ्यात फायली लावणारे एक वयस्क कारकून इतका वेळ पत्रकाचा खालचा भाग वाचत होते, ते एकदम म्हणाले, "बेन, आ तो बाटलीवाळा बापू! यांना पोलीस कशाला पकडतील? उलट साहेबलोक यांना पाहून पळायचे." त्यावर सगळे हसले. बेनही हसल्या. पण मग त्यांनी चष्मा खाली घेतला.

"मला पटतंय. पण हरकत लेखी आहे, तिला उत्तरही लेखी पाहिजे. छापील मराठीत अटक झाली असं स्पष्ट आहे. म्हणजे एक तर उमेदवाराला अटक झाली होती, किंवा लिहिणाऱ्याला मराठी येत नाही. दोनपैकी एक लिहून द्या. हे 'येथे' कोणी लिहिलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

नाव सांगता आले असते. शर्वरी, वय सत्तावीस, मुद्रिते तपासणारी. पण तिने मला सहा वेळा विचारले होते. आणि सासरी आल्यावर चौथ्या महिन्यात सरकारी कागदावर नाव यावे, असे तिने काय केले होते? फक्त माझ्या अर्धवट ओळीला 'येथे'चा आधार दिला होता!

"मी," मी म्हणालो.

"मग लिहा."

मी लिहायला बसलो. "मी, श्रीकृष्ण सबनीस, मराठी ही माझी मातृभाषा असली तरी, स्थानिक वाक्प्रयोगांच्या प्रभावामुळे प्रस्तुत शब्दाच्या अर्थच्छटांच्या संदर्भात..."

बेननी वाकून पाहिले. "काका, एवढं लांब फाइलला लागत नाही. सरळ लिहा. मला मराठी येत नाही. सही करा. तारीख घाला."

मी विक्रमसिंहभाईंकडे पाहिले. ते हात जोडून उभे होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. मला कडेवर बसणारा तो वीस वर्षांचा ऑपरेटर आठवला. मी लिहिले. चार शब्दच. मानपत्रे लिहून लिहून वळणदार झालेल्या माझ्या अक्षरात ते इतके सुंदर उमटले की बेन म्हणाल्या, "अक्षर सरस छे!"

हरकत फेटाळली. अर्ज मंजूर झाला. नियमाप्रमाणे आदेशाची प्रत, माझ्या निवेदनासह, बाहेरच्या फलकावर लावण्यात आली. भास्कररावांनी ती पूर्ण वाचली आणि जिना उतरताना मला गाठले.

"म्हणजे सबनीस, अटक नाहीच?"

"नाही."

"एकदाही नाही? एखादी लहानशी?"

"नाही हो!"

"मग आता वसाहतीत काय सांगायचं? रविवारपासून माणसं नुसती पेटली आहेत. या माणसाने मग केलं तरी काय?"

"नऊ गावांना नळ दिले! अर्धं पान लिहिलं आहे!"

"हो का?" ते निराश होऊन म्हणाले. "आमचं तिथपर्यंत वाचन झालंच नाही."

पुढचे पंधरा दिवस मी स्वतः वसाहतीत दारोदार फिरलो आणि ते अर्धे पान तोंडाने वाचून दाखवले. काही ठिकाणी लोक म्हणाले, "तुम्हीच ते ना, ज्यांना मराठी येत नाही? पण चांगलं बोलता हो!" मी हसून पुढे जात असे. एका घरात मला उत्तेजन म्हणून मुलांचे बाराखडीचे पुस्तक देऊ केले. तेही मी हसूनच नाकारले.

विक्रमसिंहभाई दोनशे बारा मतांनी निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन घरी आले. या वेळी सोफ्यावर नीट मागे टेकून बसले. मामी जेवू लागल्याचे सांगितले, बाकीच्या तीन गावांच्या लाइनचा कागद दाखवला. माझा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, तमे मारी अटक राखी." माझे डोळे भरून आले.

"आता मराठी मतदारांसाठी आभाराचं पत्रक काढायचं आहे," ते म्हणाले.

मी उठलो, वही घेतली, पेनाचे टोपण काढले. "बोला."

विक्रमसिंहभाई एकदम अवघडले. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवला.

"साहेब, खोटुं ना लगाडता, वाईट वाटून घेऊ नका. पण ते शर्वरीबेनना लिहू द्या."

"शर्वरीला? आणि मी?"

"काय करू, साहेब?" ते कळवळून म्हणाले. "तुम्हाला मराठी येत नाही, एवुं तमे ज लेखितमां आप्युं छे ने!"

आतल्या खोलीतून शिंक ऐकू आली. माझी खात्री आहे, ती शिंक नव्हती.